सगोत्र, सपिंड आणि सहलग्न

सगोत्र विवाह टाळण्यामागे आपल्या पूर्वजांचे जेनेटिक्स होते, हा मजकूर माझ्याकडे आतापर्यंत निदान वीसेक वेळा आला असेल. पूर्वी ईमेलने यायचा, आता फोनवर येतो. पाठवणारे बदलतात, मजकूर बदलत नाही. बाईकडे एक्स-एक्स गुणसूत्रे, पुरुषाकडे एक्स-वाय. वाय बापाकडून मुलाकडे जसेच्या तसे जाते. गोत्रही बापाकडून मुलाकडे जसेच्या तसे जाते. म्हणून गोत्र म्हणजेच वाय! म्हणून एका गोत्राचे मुलगा-मुलगी म्हणजे भाऊ-बहीण! म्हणून सगोत्र लग्नातून रोगट संतती! आणि शेवटी ठरलेले पालुपद, की पाश्चात्त्यांना जे काल कळले ते आमच्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होते, अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा.

पाठवणाऱ्यांत माझे इंजिनियरिंगचे वर्गमित्र आहेत, एक निवृत्त प्राध्यापक आहेत आणि दोन चक्क डॉक्टर आहेत. एखाद्या अडाणी माणसाने पाठवले असते तर हसून सोडून दिले असते. पण चार बुके शिकलेली मंडळी हे गंभीरपणे पाठवतात, आणि त्याच्या जिवावर जमत आलेली लग्ने मोडतात, तेव्हा गप्प बसवत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. गेली पंचवीस वर्षे न्यू जर्सीत नोकरी. जीवशास्त्राशी माझी सोयरीक बारावीलाच तुटली होती, ती मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकांमुळे पुन्हा जुळली. तेव्हा खाली जे लिहितो आहे त्यातले बरेचसे पहिल्या वर्षाच्या पुस्तकातले आहे. माझे संशोधन त्यात शून्य. पण या वादाला तेवढे पुरते.

आधी वायचेच बघू. वाय बापाकडून मुलाकडे जवळपास जसेच्या तसे जाते, हे खरे. त्या मजकुरात खरे ते एवढेच.

आता मुलगी. मुलीकडे वाय नसतेच हो! भारद्वाज गोत्राच्या मुलीत भारद्वाजांचे वाय शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण बापाने तिला वाय दिले असते तर ती मुलगी न होता मुलगा झाली असती. मग सगोत्र लग्नात दोन सारखी वाय एकत्र येतात कुठून? वाय एकच, नवऱ्याचे. त्याने सगोत्र बायको केली, परगोत्राची केली किंवा थेट नॉर्वेची केली, तरी होणाऱ्या मुलाला मिळणारे वाय तेच आणि तसेच. बायकोच्या गोत्राचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. सगळा डोलारा एवढ्याने कोसळतो. त्यासाठी मुलीच्या पुस्तकांचीही गरज नाही, मजकुराची पहिली दोन वाक्येच पुन्हा नीट वाचली तरी पुरे.

शिवाय वायचा संसार केवढा? माणसाची प्रथिने बनवणारी जनुके साधारण वीस हजार. त्यातली वायवर शंभरच्या आसपास, आणि त्यांचा मुख्य कारभार पुरुषत्व आणि शुक्रजंतू यांच्यापुरता. तुमचे रक्त, रंग, साखर, हाडे, डोळे, मेंदू यांचे जवळजवळ सगळे दप्तर बाकीच्या बावीस जोड्यांवर आणि एक्सवर आहे. ज्या आजारांची भीती घालून सगोत्र लग्न मोडले जाते, ते आजारही बहुतेक तिथलेच. आणि तिथला व्यवहार वायपेक्षा अगदी वेगळा आहे.

समजा तुमच्या घरात तेवीस खंडांचा एक ग्रंथ आहे. प्रत्येक खंडाच्या दोन प्रती, एक वडिलांकडून आलेली, एक आईकडून. मजकूर तोच, फक्त मधूनमधून पाठभेद. आता तुम्हाला मुलासाठी प्रत्येक खंडाची एकच प्रत द्यायची आहे. निसर्ग यातली एक प्रत उचलून देत नाही. तो नवी प्रत लिहायला बसतो. काही पाने तुमच्या वडिलांच्या प्रतीतून उतरवतो, मग मध्येच ती मिटतो, आईची प्रत उघडतो आणि पुढची पाने तिच्यातून उतरवतो. असे प्रत बदलणे पुरुषाच्या बीजात सगळ्या खंडांत मिळून साधारण पंचवीस-तीस वेळा होते, स्त्रीच्या बीजात चाळीसेक वेळा. म्हणजे एका खंडात जेमतेम एक-दोनदा. लांब खंडात जास्त, छोट्यात कमी. वाय हा त्या ग्रंथाचा एकमेव खंड, ज्याची दुसरी प्रतच घरात नाही. म्हणून तो टोकाची थोडी पाने सोडली तर आहे तसा उतरतो. त्याच्या शुद्धतेचे रहस्य एवढेच, की बिचाऱ्याला अदलाबदल करायला जोडीदार नाही.

आता विचार करा. एकाच पानावरचे दोन पाठभेद मुलाकडे जवळजवळ नेहमी बरोबरच जाणार. खंडाच्या सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक असेल तर बरोबर जातील किंवा जाणार नाहीत, नाणेफेकच. याला इंग्रजीत लिंकेज म्हणतात आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत सहलग्नता. हा शब्द कुणी घडवला त्याला माझा नमस्कार. लग्न म्हणजे मुळात चिकटलेले, जोडलेले. पण या लग्नात काडीमोड दर पिढीला होऊ शकतो, आणि तो किती सहज होईल हे एकाच गोष्टीवर ठरते. दोघांच्या घरांमधले अंतर. कुळ नाही, शील नाही, पत्रिका तर नाहीच.

हे कळले कसे, ती गोष्ट इथलीच आहे. आमच्या बाजूने हडसन नदी ओलांडली की मॅनहॅटनमध्ये कोलंबिया विद्यापीठ. तिथल्या शेर्मरहॉर्न नावाच्या इमारतीत थॉमस हंट मॉर्गन यांची एक खोली होती. सोळा बाय तेवीस फूट, म्हणजे आपल्याकडच्या टू रूम किचनमधली एक बऱ्यापैकी खोली. तीत आठ टेबले, दुधाच्या बाटल्या आणि केळ्यांवर पोसलेल्या हजारो फळमाश्या. वास कसा येत असेल याची कल्पना करा. १९१० साली मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि पुढचा सगळा खटाटोप सुरू झाला. काही गुण जोडीने जातात, पण सगळ्या जोड्या सारख्या घट्ट नाहीत, काही वारंवार फुटतात, असे दिसू लागले. १९११ साली त्यांच्याकडे काम करणारा आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा विशीच्या उंबरठ्यावरचा पोरगा म्हणाला, की मग जोडी फुटण्याचे प्रमाण हेच अंतर का मानू नये? पोरगा घरी गेला, कॉलेजचा गृहपाठ दिला बाजूला ठेवून आणि रात्रीत गुणसूत्राचा जगातला पहिला नकाशा काढला. १९१३ मध्ये तो छापला, सहा जनुकांचा. गुणसूत्र कशाचे बनले आहे, डीएनए काय करतो, यातले काहीही माहीत नसताना! जमिनीवर पाय न ठेवता नुसती गावकऱ्यांची वर्दळ मोजून कोणते गाव कोणत्या गावापासून किती लांब हे सांगितले पोराने. माझ्या मते आजवर कुणीही केलेल्या इंजिनियरिंगमधला हा एक सर्वोत्तम तुकडा आहे, आणि तो जीवशास्त्रवाल्यांच्या खात्यावर जमा आहे. असो. अंतराच्या त्या मापाला पुढे मॉर्गन यांच्यावरून सेंटीमॉर्गन नाव पडले. शंभर बीजांमागे एकदा जोडी फुटली तर एक सेंटीमॉर्गन. माणसात सरासरी दहा लाख अक्षरांचा एक.

आता आपल्या आवडत्या विषयावर, म्हणजे स्थळांवर येतो. 'गोरी, घारी, हुशार, घराण्याला साजेशी' असे आपण एका दमात म्हणतो, जणू हे सगळे एकाच डब्यात भरून येते. कातडीच्या रंगात मोठा वाटा असलेले एक जनुक २००५ साली सापडले, झेब्राफिश नावाच्या इवल्याशा माशाच्या अभ्यासातून. ते पंधराव्या गुणसूत्रावर आहे. युरोपी लोकांत निळे डोळे की तपकिरी हे मुख्यतः ठरवणारी जागाही, योगायोग बघा, पंधराव्यावरच. म्हणजे आहेत की शेजारी! पण दोघांत अंतर दोन कोटी अक्षरांचे. सरासरीच्या हिशेबाने दर पाच बीजांत एकदा तरी ही जोडी फुटणार. पाच-सात पिढ्यांत जवळजवळ मोकळी. आणि हुशारी म्हणाल तर तिचा जो काही वारसा आहे तो सगळ्या तेवीस खंडांत हजारो ठिकाणी कणाकणाने विखुरलेला आहे, तो कुणाच्या रंगाला बांधलेला नाही. 'रक्तातच आहे त्यांच्या' हे आपण ज्या खात्रीने म्हणतो ती खात्री गुणसूत्रांना नाही.

तीच गत ऋषींची. दहा पिढ्या मागे जा, म्हणजे अडीचशे-तीनशे वर्षे, पेशवाईत. तिथे तुमचे १०२४ पूर्वज आहेत. पण तुमच्या ग्रंथात त्यांच्याकडून आलेले तुकडे मोजले तर साडेसहाशेच्या आसपास भरतात, कारण दर पिढीला कात्री ठरावीक वेळाच चालते. पूर्वज हजार आणि तुकडे साडेसहाशे. काहींचे दोन-तीन तुकडे येतात. साहजिकच जवळपास निम्म्या पूर्वजांचे एक अक्षरही तुमच्यात नाही. वंशावळीत आहेत, श्राद्धाला आहेत, डीएनएमध्ये नाहीत. हे पेशवाईतल्यांचे. मग शंभर पिढ्यांपलीकडच्या गोत्रकर्त्या ऋषींपासून निव्वळ बाप-लेक-बाप-लेक या एका वाटेने वायखेरीज काही तुमच्यापर्यंत पोचले असण्याची शक्यता किती? कॅल्क्युलेटर शून्य दाखवतो.

बरे, ते वाय तरी ऋषींचे असेल का? इथे जेनेटिक्स बाजूला ठेवू, आपल्याच शास्त्राला विचारू. क्षत्रिय-वैश्यांनी आपल्या पुरोहिताचे गोत्र-प्रवर घ्यावेत, असे मिताक्षरेसारखे ग्रंथ सांगतात. पुरोहिताचे वाय कुठून घेणार? दत्तक मुलाचे गोत्र दत्तकविधानाने बदलते. सरदार-जहागीरदारांपासून वाड्यातल्या साध्या कुळांपर्यंत महाराष्ट्रात दत्तकांना तोटा नाही. विधी झाल्यावर पोराच्या पेशींना निरोप गेला होता का? मुलीचे गोत्र लग्नात बदलते. आणि सगळ्यात गोड म्हणजे, गोत्र माहीत नसेल तर 'काश्यप' सांगावे ही सोय. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये याला डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणतो. रकाना रिकामा राहू नये म्हणून भरायचा मजकूर. त्यावरून दोन माणसांना भाऊ-बहीण ठरवणारा प्रोग्रॅम माझ्या हाताखालच्या पोराने लिहिला असता तर मी त्याला परत पाठवला असता.

आणि नेमके हेच माझ्या भाचीच्या बाबतीत झाले. गेल्या वर्षीची गोष्ट. स्थळ सुरेख होते, मुलगा-मुलगी चार वेळा भेटली होती, एकमेकांना पसंत होती. मग कुणीतरी गोत्र विचारले. दोन्हीकडे काश्यप. दोन घराणी वेगळ्या प्रांतांतली, ज्ञात इतिहासात कधी संबंध नाही. मुलाच्या आईने तोच मजकूर बहिणीला पाठवला. मी फोनवर बहिणीशी अर्धा तास वाद घातला. ती शेवटी म्हणाली, "दादा, तू तिकडे बसून बोलतोस. उद्या काही झालं तर लोक मला विचारतील." मी म्हटले, "अगं, मग थोरल्या काकांचं काय? काकू त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी." ती म्हणाली, "पण त्यांचं गोत्र वेगळं होतं ना."

यावर काय बोलणार? ज्यांच्यात नाते दाखवता येत नाही ते भाऊ-बहीण, आणि ज्यांचे आजी-आजोबा एकच ते परके. हिशेब करून बघा. मामाच्या मुलीशी सरासरी आठवा हिस्सा डीएनए समाईक असतो. दहा पिढ्यांमागे एक समाईक जोडपे असलेल्या दोघांत तो हिस्सा सरासरीने पाच लाखांत एक, आणि प्रत्यक्षात, तुकडे अखंड जातात किंवा जातच नाहीत म्हणून, जवळजवळ नेहमी शून्य. गंभीर जन्मजात दोषांची शक्यता सर्वसाधारण जोडप्यात दोन-तीन टक्के धरतात, सख्ख्या मामे-आते-चुलत भावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट होते. काका-काकूंची मुले ठणठणीत आहेत, देवाची कृपा. दुप्पट झाली तरी बहुसंख्य मुले निरोगीच असतात, उगाच बागुलबुवा करण्यात अर्थ नाही. पण भीतीच घालायची तर ती योग्य दारात घाला. इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात नातेसंबंधांची भारतभरची मांडणी केली, त्यात महाराष्ट्रातली मामेबहिणीशी लग्नाची पद्धतही आहे. गोत्र, कूळ, देवक या समाज बांधण्याच्या रीती आहेत. कुणाची मुलगी कुठे द्यायची, कोण कोणाचा सोयरा, हे ठरवायच्या. त्या तशा म्हणून पाळल्या तर माझे काही म्हणणे नाही. मला राग आहे तो त्यांना लॅबचा पांढरा कोट चढवण्याचा.

कायद्याचेही सांगून टाकतो, कारण पुष्कळांना हे माहीत नसते. सगोत्र विवाहावरची कायदेशीर आडकाठी १९४६ सालीच गेली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अडवले आहे ते सपिंडांना, बापाकडून पाच पिढ्या आणि आईकडून तीन, आणि तिथेही रूढी असेल तर मुभा. आमचे काका त्या मुभेतले.

आता त्या मजकुराच्या भक्तांना माझा खरा प्रश्न. तुम्हाला जेनेटिक्स हवे ना? मग ते शेवटपर्यंत घ्या. २०१७ साली हैदराबादच्या आणि इथल्या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी मिळून दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समाजांचे डीएनए तपासले. त्यांनी बघितले ते हेच, की एका समाजातल्या कोणत्याही दोन माणसांत किती लांबीचे तुकडे अजून न फुटता समाईक आहेत. लांब तुकडा म्हणजे कात्री कमी वेळा चाललेली, म्हणजे पूर्वज जवळचा. पुन्हा सहलग्नताच! निष्कर्ष असा, की त्यातले ८१ समाज फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही जास्त आतल्या आत गुंतलेले आहेत. ही दोन उदाहरणे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आनुवंशिक आजारांसाठी देतात. म्हणजे मूठभर मूळ कुटुंबे, आणि मग शेकडो वर्षे त्यांच्यातच सोयरिकी. तेलुगू वैश्य समाजात भूल देताना वापरायचे एक औषध शरीरात लवकर न मोडण्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो, तो यातूनच. शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसाचा श्वास लांबतो, तेव्हा कळते.

या गुंत्याला गोत्राचा नियम काय करतो? जवळजवळ काहीच नाही. गोत्र फक्त बापाच्या बापाच्या बापाची एक रेघ बघते. वीस पिढ्या मागे तुमच्या वंशवृक्षात दहा लाखांवर जागा आहेत, गोत्र त्यातल्या एका जागेची चौकशी करते. बाकीच्या जागा जातीच्या कुंपणात आहेत, आणि जात लहान असेल तर त्या जागांवर तीच ती माणसे पुन्हा पुन्हा येऊन बसलेली आहेत. तेव्हा जनुकांच्या काळजीने खरेच झोप उडाली असेल, तर जेनेटिक्सचा सल्ला सोपा आहे. जातीबाहेर लग्न करा. हा सल्ला फॉरवर्ड करून बघा एकदा घरच्या ग्रुपवर.

वंशाच्या नावाने विज्ञान सांगायचा हा उद्योग फक्त आपल्याकडे चालतो असे मात्र नाही. मॉर्गन यांच्या माश्यांच्या खोलीपासून तास-दीड तासाच्या अंतरावर, लाँग आयलंडवर कोल्ड स्प्रिंग हार्बर आहे. आज जगप्रसिद्ध प्रयोगशाळा. तिथे १९१० ते १९३९ सुप्रजननाचे एक दफ्तर होते. चार्ल्स डॅव्हनपोर्ट हे त्याचे प्रमुख, चांगले हार्वर्डचे डॉक्टरेट. त्यांच्या माणसांनी घरोघर जाऊन वंशावळी गोळा केल्या, दारिद्र्य, भटकेपणा, मंदबुद्धी हे सगळे घराण्यात उतरते असे दाखवायला. १९१९ साली या गृहस्थांनी आरमारी अधिकाऱ्यांवर एक पुस्तक काढले आणि समुद्राची ओढ हा आनुवंशिक गुण ठरवला. बंदरात वाढलेली पोरे बोटीवर जातात याला जनुक! हसू येते, पण यांच्याच विचारावर पोसलेल्या कायद्यांखाली या देशात हजारो गोरगरिबांची जबरदस्तीने नसबंदी झाली, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली. आणि १९२४ च्या ज्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांचे उरलेसुरले दार लावून घेतले, त्याच्या मागेही हीच मंडळी साक्षीला उभी होती. ते दार १९६५ मध्ये उघडले म्हणून माझ्यासारखे इथे आहेत. तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी कॉफीचा कप हातात घेऊन 'शुद्ध रक्ता'बद्दल बोलू लागला की मला त्याच्या व्हिसाची आठवण येते.

इरावतीबाईंचे नाव वर आले, त्यांचाच आणखी एक किस्सा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे डॉक्टरेट करत होत्या. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे मोठे पुरस्कर्ते, पुढे नाझींचे लाडके. कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध असावा, असे त्यांचे गृहीतक. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असे गुरूच्या तोंडावर लिहून दिले. परक्या देशातली एकटी विद्यार्थिनी ती. आमच्या डॉक्टर मित्रांना निदान फॉरवर्डचे बटण न दाबण्याइतके धैर्य यायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, एवढे काय त्यात, एक स्थळ गेले तर दुसरे येईल. २००७ साली हरयाणातल्या करोडा गावच्या एका जोडप्याला सगोत्र लग्न केले म्हणून मुलीच्या नातेवाइकांनी ठार मारले. २०१० मध्ये कर्नालच्या न्यायालयाने पाच जणांना फाशी सुनावली, आणि त्यानंतर खाप पंचायतींनी सगोत्र विवाहावर कायद्याने बंदीची मागणी लावून धरली. त्या मागणीबरोबर वैज्ञानिक कारणही जोडलेले होते. कोणते ते सांगायला नको.

आता जे बघायचे ते आपण बघत नाही, त्याबद्दल. महाराष्ट्रात विदर्भात आणि नंदुरबारकडे, गोंड, भिल्ल, पावरा आणि काही अनुसूचित जातींमध्ये सिकल सेल आहे. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक जास्त. दोन्हींचा उगम अकराव्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकात. वाहक स्वतः निरोगी असतो, पुन्हा लिहितो, निरोगी असतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, की मूल आजारी. महिन्यातून एक-दोनदा रक्त चढवण्यात बालपण घालवणारी मुले ज्यांनी बघितली आहेत त्यांना अधिक सांगायची गरज नाही.

आणि इथे सहलग्नतेने किती उपकार केले ते बघा. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत कान आणि डोझी या दोघांनी दाखवले, की सिकल सेलचा दोष थेट वाचता येत नसला तरी त्याच्या शेजारचा एक निरुपद्रवी पाठभेद वाचता येतो, आणि शेजारी बहुधा बरोबरच प्रवास करतात. म्हणजे शेजाऱ्याच्या साक्षीवरून गुन्हेगार पकडायचा. शेजारच्या पाठभेदावरून गर्भाचे निदान होण्याची सुरुवात ती. भारतातल्या सिकल सेलच्या शेजारी तर आणखी एक पाहुणा असतो, बाळपणीचे हिमोग्लोबिन मोठेपणीही थोडे चालू ठेवणारा पाठभेद. तो दोषाला लागूनच असल्यामुळे बरोबर येतो, आणि त्यामुळे आपल्याकडे पुष्कळ रुग्णांना आजार जरा सौम्य जातो. पुष्कळांना, सगळ्यांना नाही. विदर्भातल्या डॉक्टरांना गंभीर रुग्णही भरपूर बघावे लागतात. सरकारने २०२३ च्या जुलैपासून सिकल सेल निर्मूलनाचे देशव्यापी अभियान सुरू केले आहे, पण अजून शहरातल्या मध्यमवर्गाला तो 'त्यांचा' आजार वाटतो.

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला कट्टर ज्यू लोकांची मोठी वस्ती आहे. काळे कोट, उंच टोप्या, लग्ने मध्यस्थामार्फत ठरवलेली, जातीबाहेर अर्थातच नाही. सनातनीपणात ते आपल्या कुणालाही हार जाणार नाहीत. त्यांच्यात टे-सॅक्स नावाचा आजार होता, मूल पहिले काही महिने हसतेखेळते असते आणि मग विझत जाऊन चार-पाच वर्षांत जाते. योसेफ एकस्टाइन नावाच्या रब्बींची चार मुले अशी गेली. त्यांनी १९८३ मध्ये दोर येशोरिम नावाची संस्था काढली. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींचे रक्त तपासायचे, नाव न लिहिता फक्त एक नंबर द्यायचा. स्थळ आले की दोन्ही बाजूंनी दोन नंबर कळवायचे. उत्तर एवढेच, जमते किंवा जमत नाही. कोण वाहक हे कुणालाच सांगायचे नाही, म्हणजे मुलीच्या नावाला बट्टा नाही, घराण्याची चर्चा नाही. मध्यस्थ तेच, देव तोच, पोथी तीच. त्या समाजात टे-सॅक्सची मुले जन्माला येणे जवळजवळ थांबले. धर्म कुठेही आडवा आला नाही.

आपल्याकडे वधू-वर सूचक मंडळांची जाळी गावोगाव आहेत. यंत्रणा तयार आहे. मागच्या खेपेला देशात आलो तेव्हा एका मंडळाच्या चालकांना मी हे सगळे सांगितले, दोर येशोरिमसुद्धा. त्यांच्या फॉर्मात गोत्र, गण, नाडी, रास, वर्ण, उंची आणि चष्म्याचा नंबर असे रकाने होते. हिमोग्लोबिनच्या एचपीएलसी तपासणीचा एक रकाना वाढवा, म्हटले, खर्च बँडवाल्यांच्या सुपारीहून कितीतरी कमी आहे. नावानिशी नको, फक्त तपासणी केली आहे का, हो किंवा नाही. गृहस्थ सज्जन होते, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"साहेब, कल्पना चांगली आहे," ते म्हणाले, "पण असला रकाना बघून लोक घाबरतात हो. आणि एकनाडीत रक्तगटाचं सगळं येतंच की."